मागनुसने आवळलेले नट

बोडन सरोवराकाठच्या कारखान्यात मागनुस राउख वायूच्या फुग्यावर उडणाऱ्या वायुनौकांची इंजिनं जुळवायचा. त्याआधी पंधरा वर्षं तो सरोवरातल्या आगबोटींवर होता, आणि नट आवळायचा म्हणजे अंगातलं सगळं बळ लावायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यासाठी तो घरून आणलेला हातभर लांब पाना वापरायचा. नौकेत मेकॅनिकजवळ असायचा तो पाना मात्र वीतभर, कारण तिथे वजनाची फार काटकसर. हे दोन पाने शेजारी ठेवून बघावे, असं काही त्याला सुचलं नाही.

नवं इंजिन बसवून नौका पहिल्यांदा उडणार असली की जुळवणाऱ्यानेही बरोबर जायचं, अशी कारखान्याची रीत होती. मागनुस दरवेळी गुडघ्याचं कारण सांगून टाळायचा. खरं तर त्याला भीती वाटायची. १९११च्या वसंतात त्याची बायको वाल्बुर्गा म्हणाली, "बारावं इंजिन हे. आता पुरे की नाटक!" तेव्हा तो गेला.

सरोवरावर असतानाच त्याच्या इंजिनाची एक झडप तडकली. इंजिन बंद करून मेकॅनिक श्टुकले झडप बदलायला बसला, पण नट हलेना. एकट्या दुसऱ्या इंजिनाला दक्षिणेचा वारा आवरेना, आणि नौका उतरायचा तळ ओलांडून उत्तरेकडे वाहत चालली.

"उस्ताद, हा आवळलाय की पुरलाय?" श्टुकलेने घाम पुसत विचारलं.

मागनुसने श्टुकलेच्या हातातला वीतभर पाना पाहिला. उंचीचं त्याला भानही नव्हतं. "सरक," म्हणत त्याने दांडा लांब व्हावा म्हणून एका पान्यात दुसरा अडकवला आणि दोघांनी मिळून जोर लावला. नट करकरत सुटला. तासाभरात इंजिन धडधडू लागलं आणि नौका माघारी वळली.

उतरल्यावर श्टुकलेने अहवालात फक्त झडपेचं लिहिलं. "तुमचं नाव कशाला घालू, उस्ताद? एवढी पत आहे तुमची."

मागनुसला मोह झाला, अगदी मनापासून झाला. पण त्याच्या हातची अकरा इंजिनं इतर नौकांवर होती. तो तडक साहेबांकडे गेला. "चूक माझी आहे. सगळी इंजिनं उघडून नट ढिले करून पुन्हा बेताने आवळायला हवेत."

साहेबांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. मग दमून म्हणाले, "गप्प बसला असतास तर इथे कुणाला कळलंही नसतं."

"वर हवेत कळलं असतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पहिलं इंजिन उघडायला घेतलं, तेव्हा श्टुकले न बोलावता येऊन बाह्या सरसावत होता.