कूलरसमोरची खाट आणि मोमोला पडलेलं जड मत

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या आमच्या खोलीत मे महिन्यात पालीसुद्धा घाम पुसत फिरायच्या, त्यामुळे कूलरसमोरची खाट म्हणजे साक्षात सिंहासन. ती कोणाची, यावर रूममेटशी पैज लागली. ब्लॉकचेनवरच्या एका सोशल मीडियावर लोकांच्या मतांवरून पोस्टला कॉइन मिळायची. ज्याच्या पोस्टला जास्त कॉइन, त्याची खाट.

मी दिल्लीच्या उन्हाळ्यावर असा लेख लिहिला की वाचताना मोबाईल वितळावा. मग मराठी मंडळातल्या तमाम काका-काकूंना खाती उघडून दिली. सरकारी नोकरीत मुरलेली माणसं ती, लोकसभेच्या मतदानाला जावं तशी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून त्यांनी मतं दिली. रूममेटने नुसता अर्धवट खाल्लेल्या मोमोचा फोटो टाकला. कुठल्याशा कॉइनवाल्या शेठने त्याला एकच मत दिलं आणि मोमो माझ्या लेखाला तुडवून पुढे गेला.

"यार, इथे ज्याच्याकडे कॉइन जास्त, त्याचं मत जड," रूममेट खाटेवर पसरत म्हणाला.

निकाल ऐकायला आलेल्या शेजारच्या काकू भडकल्या. "म्हणजे अख्खं मंडळ एका मोमोपेक्षा हलकं?"

"बिल्कुल, काकू."

"अच्छा! मग हाच नियम इथेही. या खोलीत शिऱ्याचा डबा कोणाकडे आहे?"

"तुमच्याकडे."

"मग माझं मत जड. ऊठ खाटेवरून!"

तो उठला. तुपाचा वास असा सुटला होता की कूलरनेसुद्धा काकूंकडे मान वळवली.