एका सेमिस्टरचा तळ

मी नेदरलँड्सला निघाले त्या सकाळी आमचं घर माझ्याआधी हललं. जानेवारी संपत आला होता. अंबडच्या अलीकडे एका शेतात आमच्या मेंढ्या लेंडीखतासाठी आठ दिवस बसल्या होत्या आणि नेमका तोच दिवस दादांनी तळ उठवायला धरला होता. दादा म्हणजे माझे वडील. मला खरं तर राग आला होता. पोरगी सहा महिन्यांसाठी परदेशात चाललीय, एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण त्या वावरात दुसऱ्या दिवशी नांगर पडणार होता आणि पुढच्या वावराच्या मालकाला शब्द देऊन झाला होता. दादांचा शब्द माझ्या विमानासारखा असतो, कुणासाठी थांबत नाही.

मायनं घोड्यावर गोधड्या, भांडी, पिठाचा डबा आणि मेंढ्यांभोवती लावायची जाळी असं सगळं बिऱ्हाड चढवलं. मग माझी निळी सूटकेस एका हातानं उचलून पाहिली. "एवढंच व्हय? आमचं बघ बरं किती हाय," असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तोंड फिरवून घोड्याचा दोर उगाच पुन्हा आवळायला लागली. दादा फाट्यापर्यंत आले. एसटी थांबली तसे म्हणाले, "जल्दी चढ, जागा धर." बस. परदेशी जाणाऱ्या मुलीला बापानं दिलेला निरोप तेवढाच. जालन्याकडे वळताना मी खिडकीतून मागे पाहिलं, तर आमच्या मेंढ्या दुसऱ्या दिशेनं रस्त्याला लागल्या होत्या आणि दादा पळत पळत त्यांना गाठत होते. तेव्हा मात्र मी रडले. जालना येईपर्यंत रडले, आणि तिथं मुंबईची गाडी गाठायची घाई होती म्हणून थांबले.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. तुम्ही जे अजून मेंढ्यांमागे आहात, आणि तुम्ही जे वाळूजला, पुण्याला कंपनीत गेलात आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं की "शेती" म्हणून मोकळे होता. मीही तेच करत होते. माझं परदेशी जाणं त्यापायीच अडलं होतं.

मी संभाजीनगरला कृषी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला होते. जुलैत नोटीस बोर्डावर कागद लागला की, परदेशातल्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला आपल्या कॉलेजातून एकाला पाठवायचंय, माती हा विषय असणाऱ्यांनी अर्ज करावा, खर्च शिष्यवृत्तीतून. जागा एकच. मी तो कागद तीनदा वाचला आणि त्याच दिवशी ठरवलं की ही जागा माझी. हुशारी माझ्यापेक्षा जास्त असलेली दोघं तरी वर्गात होती, पण हट्ट माझ्याइतका कुणाचाच नव्हता.

अर्ज करणं म्हणजे काय हे तेव्हा कळलं. तिकडचे कोणते विषय इकडच्या कोणत्या विषयांच्या जागी धरायचे याचा तक्ता करायचा, प्रत्येक विषयापुढे इथल्या सरांची सही घ्यायची, क्रेडिट जुळवायचे, इंग्रजीची परीक्षा द्यायची, शिफारसपत्रं मागायची. एका सरांनी सहीसाठी मला नऊ वेळा फिरवलं. दहाव्या वेळी मी त्यांच्या केबिनबाहेर डबा उघडून जेवायलाच बसले, तेव्हा सही झाली. ही सगळी कामं मला जमली. जमली नाही ती एकच गोष्ट, दीड पानाचं मनोगत. तुम्ही कोण, कुठून आलात, यापूर्वी घरापासून दूर राहिला आहात का, आणि तिकडे का जायचंय.

मी एका सीनियरचं मनोगत समोर ठेवलं आणि तसंच लिहून काढलं. लहानपणापासून मला मातीची ओढ आहे. माझे वडील शेतकरी आहेत. मी जन्मापासून आमच्या गावात राहिले, गावाबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ असेल. आमची जाफराबादकडे दोन एकर कोरडवाहू आहे, त्यामुळे शेतकरी हा शब्द बसवता येत होता. बाकीचं मी गाळलं. दसऱ्यानंतर आमच्या घराला कुलूप लागतं ते मिरगालाच निघतं, पहिली-दुसरीपर्यंत मी घोड्यावर बसून गावं पालथी घातली, पुढे आश्रमशाळेत वाढले आणि दिवाळीच्या सुट्टीत आमचा तळ कुठं आहे ते विचारत विचारत घरी पोचायचे, हे काहीच लिहिलं नाही. लिहायचं सुचलंच नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. लाज वाटली.

परदेश विभागाच्या मॅडमनी कागद परत दिला. "हे कुणाचंही असू शकतं," त्या म्हणाल्या. "यात तू कुठं आहेस?" पुन्हा लिहायला त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली. त्याच आठवड्यात पासपोर्ट अडकला. पोलीस पडताळणीचा शेरा आला होता, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

गावचा पत्ता मीच दिला होता. हवालदार बिचारे मोटारसायकलवर गेले, तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, मेंढ्या घेऊन गेले, कुठं गेले ते आम्हाला माहीत न्हाई. त्यांनी पाहिलं ते लिहिलं. मुदतीच्या आत पासपोर्टचा नंबर दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी दादांना फोन केला तेव्हा ते भोकरदनच्या शिवारात होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले, "उद्या ठान्यावर ये. मीबी येतो." मेंढ्या मायच्या हवाली करून, वडापच्या जीपला लटकून ते जाफराबादला आले. मी एसटीनं पोचले तेव्हा ते स्वच्छ धोतर नेसून, पागोटं बांधून ठाण्याच्या ओट्यावर बसले होते. खांद्यावरचं घोंगडं मात्र तळावर ठेवावं असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मला, आज सांगते, ते घोंगडं पाहून क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "राहता कुठं तुम्ही नेमकं?"

"मेंढ्या जिथं बसल्या तिथं," दादा म्हणाले.

"असं कसं लिहू मी, बाबा? पत्ता लागतो."

"मंग घ्या लिहून." आणि दादांनी पत्ता सांगायला सुरुवात केली. "दसऱ्याला घरून उठतो. दिवाळी भोकरदनच्या अंगाला, कापूस वेचून झालेल्या वावरात. चंपासटीला जालन्याच्या अलीकडं. संक्रांतीला अंबड. शिमगा गोदाकाठी. पाडवा झाला की माघारी फिरतो आन् मिरगाच्या आत घरी. बावीस वरसं झाली साहेब, वावरं तीच, मालक तेच. कुनालाबी इचारा, कोनत्या सनाला आमी कुठं राह्यलो ते बराबर सांगतील." शेतांच्या मालकांची नावं त्यांनी एकामागून एक घेतली. कुठल्या विहिरीला पाणी उन्हाळ्यात टिकतं, कुठल्या वावरात मागच्या साली तीन रात्री जास्त बसवल्या, तेही सांगितलं. हवालदारांनी लिहिणं कधीच थांबवलं होतं. ते हनुवटीला हात लावून ऐकत होते.

"तुमच्याइतका पक्का पत्ता तर माझाबी न्हाई," ते शेवटी म्हणाले. "माझी दर तीन सालाला बदली." मग त्यांनी आधारकार्ड, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला असं सगळं पाहिलं, दोन शेजाऱ्यांना बोलावून सह्या घेतल्या आणि कुटुंब गावचंच आहे, मेंढपाळीसाठी हंगामात बाहेर असतं, असा नवा शेरा लिहिला. वर मला म्हणाले, "पोरी, हे आधीच अर्जात सांगितलं असतंस तर माझा एक खेटा वाचला असता ना."

स्टँडजवळ चहा पिताना मी दादांना सगळं कबूल केलं. अर्जात तुम्ही शेतकरी आहात, मी कायम गावात राहिलेय असं लिहिलंय म्हणून. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "खोटं न्हाई ते. पन पुरंबी न्हाई. लिव्हायचं तर पुरं लिव्ह, बाई."

मनोगत मी परतीच्या एसटीत लिहिलं, आधी मराठीत, धक्के खात. दादांचा सगळा पत्ता त्यात घातला. मेंढ्या बसून गेलेल्या वावराची माती दादा दुसऱ्या वर्षी मुठीत घेऊन दाबतात, फोडतात, वास घेतात आणि मालकाला सांगतात, औंदा बरी झाली. ही बरी म्हणजे किती बरी, कशानं बरी, किती वर्षं बरी राहते, हे मला मोजायला शिकायचंय, असं लिहिलं. आणि घरापासून दूर राहिला आहात का, या प्रश्नावर लिहिलं की आमचं घर वर्षातले आठ महिने घरापासून दूर असतं, त्यामुळे मला सराव आहे. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता इंग्रजी कर. एक शब्दही शहाणपणाचा घालू नकोस."

ऑनलाइन मुलाखतीत तिकडच्या प्राध्यापकांनी विचारलं, इथं तुला सगळ्यात अवघड काय जाईल? मी म्हटलं, सहा महिने एकाच जागी राहणं. ते मोठ्यानं हसले. मी गंमत केलीच नव्हती, पण हसू दिलं. त्यानंतर पुढची वीस मिनिटं आम्ही मेंढीच्या लेंडीवर बोललो. डिसेंबरात निवडीचा ईमेल आला तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यात इतकी ओरडले की रेक्टरबाई धावत आल्या.

आता इथं येऊन दोन महिने झाले. खोलीत सामान लावायला मला अर्धा तास लागला, शेजारच्या स्पॅनिश मुलीचं चार दिवस चाललं होतं. सायकल शिकले, वारा सोसायला शिकले, दुपारी गार पाव-चीज खाऊन पोट भरलं असं म्हणायला शिकले. मैत्रिणीला भेटायचं तरी दोन आठवडे आधी डायरीत वेळ धरावी लागते. आमच्याकडे पाहुणा मेंढ्यांच्या आवाजावरून तळ शोधत येतो आणि भाकरी खाऊनच जातो. इथं प्रयोगशाळेत मी मातीचे नमुने चाळते, वाळवते, जाळते, आकडे लिहिते. दादांच्या मुठीला जे दोन क्षणांत कळतं त्याला इथं तीन दिवस लागतात, पण इथलं उत्तर कागदावर राहतं. मला दोन्ही हवंय, आणि दोन्ही मला जमेल.

पाणी अडवायच्या बांधांवर इथंही मेंढ्या आहेत, गुबगुबीत, तारेच्या कुंपणात. दादांना व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. "राखन कोन करतं?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, मी म्हटलं. "मंग त्यायला बोलतं कोन?" दुसऱ्या दिवशी सायकल थांबवून मीच चार शब्द बोलले. एकीनं मान वर केली.

सगळं गोड नाही. फेब्रुवारीत मायच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला, ताप आला, आणि मला ते दहा दिवसांनी कळलं. फोनवर मी ओरडले. माय म्हणाली, "तुला सांगून काटा निघनार व्हता का?" फोन ठेवल्यावर खोलीत बसून रडले, आणि त्या दिवशी मला इथलं सगळं, ती स्वच्छ खिडकीसुद्धा, नकोसं झालं होतं.

पण गेल्या रविवारचं सांगते. तळ गोदाकाठी होता. मायनं फोन केला. त्या वावराच्या मालकिणीनं तिला विचारलं होतं, तुमची पोरगी दिसत न्हाई औंदा, गेली का सोडून? "मंग तू काय म्हनलीस?" मी विचारलं. माय म्हणाली, "काय म्हननार? म्हनलं, ती पुढं गेलीय."

तुमच्यातल्या मेंढ्यांमागे असणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. कंपनीत गेलेल्यांना आठवण करून देते. तळ हलायच्या आदल्या दिवशी आपल्यातलं एक जण पुढं जातं. पुढच्या शिवारात पाणी आहे का, चारा किती आहे, मालक कसा आहे, ते पाहून येतं. त्याला कुणी सोडून गेला म्हणत नाही. तो घरचंच काम करत असतो, आणि तो परत येऊन सांगेपर्यंत कुणी घोड्यावर सामान चढवत नाही.

मला इतके दिवस वाटत होतं की मी घरातून निघाले. मायला पहिल्यापासून ठाऊक होतं की तिनं मला धाडलंय. तेव्हापासून मी इथलं सगळं वहीत लिहून ठेवतेय, माती, पाणी, माणसं, मातीचं कसं मोजतात ते, आणि अर्ज कसा भरायचा तेही. जूनच्या अखेरीला येते. तोवर तुमच्या पोरीबाळींचे पासपोर्ट काढून ठेवा, आणि पत्ता पुरा लिहा.