'भोंगा' आणि इतर गाजलेली गाणी

ज्याचा पहिला अल्बमच कधी निघाला नाही, त्याच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम काढायला निघालेला मी बहुधा पुण्यातला एकमेव शहाणा. गाणी नियाज इनामदारची. नियाज खडकीचा, दारूगोळा कारखान्यात फिटर, आणि सुटीच्या दिवशी रॉक गायक, तेही मराठीत. मी, श्रीनिवास, शनिवार पेठेतून पाठीला गिटार बांधून सायकलवर त्याच्याकडे जायचो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट.

शहराने आमचं स्वागत शहराच्या रीतीने केलं. एका गॅदरिंगमध्ये पहिल्या रांगेतले एक गृहस्थ गाण्याच्या मध्येच उठून म्हणाले, "संपलं की सांगा. कानातला कापूस काढायचाय." मागची पोरं मात्र बाकांवर उभी असायची. 'भोंगा' या गाण्यात नियाज कारखान्याच्या भोंग्यासारखा एकच स्वर धरून वर वर न्यायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आठवलं तरी अजून येतो. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही, आणि पुण्यात गाणाऱ्यांची काही टंचाई नाही.

कार्यक्रम तो आपल्या टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचा. भरायला दोन बटणं एकदम दाबावी लागत. मग कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे तो मोडून टाकायचा, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे घराघरांत ठाऊक होतं. नियाजच्या आईला, नसीमबानूंनाही. त्यांचा थोरला शमशुद्दीन सौदीत, दम्मामला होता. फोन परवडायचा नाही, अम्मींना लिहिता यायचं नाही; मग त्या कॅसेटवर पत्र बोलायच्या आणि तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायच्या. त्यासाठी कोरी कॅसेट कशाला? घरात नियाजच्या आरडाओरड्याच्या पडल्याच होत्या. एकेक करून आमचं सगळं रॉक दम्मामला गेलं. नियाजला कळलं तेव्हा तो हसला. "गाणी काय, पुन्हा गाईन की," म्हणाला.

माझ्याकडच्या प्रतींना बुरशी लागली. पुढे बँड मोडला, मी बँकेत चिकटलो. नियाजने पाळ्या केल्या आणि सिगारेटी ओढल्या. निवृत्तीच्या वर्षी त्याच्या घशात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला एक भोक ठेवलं. श्वास घेतला की त्यातून बारीक शीळ यायची.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, "माझा आवाज कुठेतरी राहिला पाहिजे." एवढंच. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी काहीतरी बोलून बसतो. "अल्बम काढू," म्हणालो.

अम्मी केव्हाच गेल्या होत्या, पण त्यांचा आवाज म्हणून शमशुद्दीनने सगळ्या कॅसेटी जपल्या होत्या. त्या बिस्किटांच्या डब्यातून परत आल्या. नियाज, त्याची बायको जैनब आणि मी ऐकायला बसलो. "शमशू बेटा, सब खैरियत है," अशी सुरुवात, मग शेजारपाजार, लग्नं, गुडघे. अम्मी बोलायच्या थांबल्या की खट्ट, आणि तिथून पुढे पुसायचं राहिलेलं गाणं. कुठे शेवटची ओळ, कुठे नुसत्या टाळ्या. सगळ्या गाण्यांच्या अशा शेपट्याच उरल्या होत्या. अम्मींना बोलायची भारी हौस.

एक कॅसेट मात्र जैनबभाभींची निघाली. अम्मी आजारी असताना त्यांनी या नव्या सुनेला बोलायला बसवलं होतं. सुरुवातीला बराच वेळ काहीच नाही, नुसती पंख्याची घरघर. मग दबक्या आवाजात, "भाईजान, सलाम. अम्मी ठीक हैं." खट्ट. आणि मग 'भोंगा'. अख्खा.

"मला पुढे सुचेचना काही," भाभी इतक्या वर्षांनीही ओशाळून म्हणाल्या.

"तुम्हाला सुचलं नाही म्हणून हे वाचलं," मी म्हणालो. नियाज त्यांच्याकडे असा बघत होता की मी उगाच खिडकीबाहेर पाहू लागलो.

ती कॅसेट तो माझ्याकडे देईना. छातीशी धरून बसला. मग रविवारी कॉम्प्युटर घेऊन येतो आणि इथेच उतरवून घेतो, तोवर हात लावू नकोस, असं बजावून मी निघालो.

रविवारी गेलो तर भाभी बाजारातून येत होत्या. आम्ही बरोबरच आत शिरलो. नियाज खुर्चीत, समोर टेपरेकॉर्डर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. औषधांनी त्याला गुंगी यायची. कॅसेट फिरत होती आणि आवाज मात्र काहीच येत नव्हता. वाकून पाहिलं तर दोन बटणं दाबलेली. एके काळी प्रत्येक कार्यक्रम भरून घेणाऱ्याची बोटं, सवयीने दोन्हींवर पडली होती. आणि अम्मींनी लावलेली चिकटपट्टी भोकांवर तशीच होती. ती काढून टाकावी हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

मी झडप घालून बटण बंद केलं. तो दचकून जागा झाला, बटणांकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याचं तोंड पूर्ण उघडलं. आवाज कुठून येणार? गळ्यातून शीळ आली फक्त. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि पुढच्याच क्षणी माझी मलाच शिसारी आली.

मग त्याने पाटी ओढली. "डोक्यावरचा पंखा ऐकत होतो. मला वाटलं, कॅसेटमधलाच आहे. जैनब अजून विचार करतेय."

भाभींनी हातातली पिशवी खाली ठेवली. कॅसेट मागे नेऊन लावली. पंख्याची घरघर. रस्त्यावरून गेलेली रिक्षा. आणि अगदी जवळून त्याचा श्वास, शीळ घालत आत-बाहेर, हळूहळू झोपेतल्यासारखा संथ होत गेलेला. मग दाराची कडी, आमची पावलं, खट्ट. आणि त्याच्या पुढे गाणं संपल्यावरच्या टाळ्या, शिट्ट्या आणि 'वन्स मोअर'चा गिल्ला.

भाभींनी कॅसेट बाहेर काढली आणि भोकांवरची पट्टी नखाने खरवडून काढून टाकली.

"हे उतरवून घ्या, श्रीनिवासभाई," त्या म्हणाल्या. "हाही त्यांचाच आवाज."

मी उतरवून घेतलं. नियाज त्या वर्षीच्या रमजानच्या आधी गेला. अल्बममध्ये गाण्यांच्या उरलेल्या शेपट्या आहेत, आणि हे सगळ्यात शेवटी. नाव काय द्यायचं असं भाभींना विचारलं, तर म्हणाल्या, "भोंगा."