साडूंबरोबर पिंडारीला

माझ्या साडूंइतका मोठ्याने बोलणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. पंचवीस वर्षं सुरतेत लूमच्या कारखान्यात मास्तर, त्यामुळे 'जरा मीठ द्या' हेसुद्धा शेजारच्या सोसायटीला कळे. मयतीला गेले की त्यांचं सांत्वन गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसालाही मिळे. खरं महत्त्वाचं बोलणं मात्र ते हातांनी करत. मागांच्या खडखडाटात सगळेच कामगार खुणांनी बोलतात, पण साडू पंगतीतही 'थांबा', 'हळू', 'आणखी एक' असं बोटांनीच सांगत. त्यांच्याकडे जेवून जेवून मलाही ती भाषा कळू लागली.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी, पंच्याण्णव साली, आम्ही दोघं एका गटाबरोबर पिंडारी हिमनदीला निघालो. मी बेचाळीस वस्तूंची यादी करून प्रत्येकीपुढे खूण केली होती. साडूंची एकच पिशवी, तिच्यात शेव, ठेचा आणि एक स्वेटर. माझी बॅग पाहून म्हणाले, "भाऊ, बर्फावर सोयरीक जुळवायला चाललात का?"

चढाईच्या शेवटच्या दिवशी बर्फाचा एक निसरडा उतार आडवा ओलांडायचा होता. बाकीचे पलीकडे पोचले. मधोमध माझा पाय सरकला आणि मी जागीच खिळलो. थेट खाली नदी फेसाळत होती. वाटाड्या ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात अक्षर ऐकू येईना. बेचाळीस वस्तूंपैकी एकही कामाची नव्हती.

तेवढ्यात साडू पलीकडच्या कडेला आले. ओरडले नाहीत. तळहात दाखवला: थांबा. दोन बोटं डोळ्यांकडे: माझ्याकडे बघा. मग डावा पाय. टाच रोवा. हळू. आणखी एक. एकेका खुणेला एकेक पाऊल टाकत मी त्यांच्यापर्यंत पोचलो. माझं मनगट घट्ट धरून ते अहिराणीत ओरडले, "उगामुगा बठ आते." गप्प बस म्हणे. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण साडू घाबरले की अहिराणीवर येत.

दुपारी हिमनदीच्या तोंडाशी पोचलो. बर्फ कडाडत तुटत होता, दगड गडगडत खाली येत होते, वारा कानटोपीतूनही घोंघावत होता. जीव वाचवणाऱ्या माणसाचे आभार कसे मानावेत, ते मला सुचत नव्हतं. साडूंनी पिशवीतली शेव काढून माझ्या हातावर ठेवली. मग नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "भाऊ, किती शांत आहे इथं."

कुणाची चूक दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी तितक्याच मोठ्याने म्हणालो, "हो. फार शांत आहे."