शेंदराची पुडी

राहू गावच्या सदाआप्पाची रीत एकच. आधी हाणायचं, मग विचारायचं. शिरूरच्या बाजारात एकानं त्याच्या बैलाची शेपूट पिरगाळली, तर आप्पानं त्याचे दोन दात पाडले आणि मग विचारलं, "कितीला मागतूस?" मी त्याचा जन्माचा जोडीदार. माझ्याही कपाळावर त्याची एक खूण आहे. मी ती झाकत नाही.

आप्पाच्या घरच्या बांधावर वीराचा दगड होता. गुरं सोडवताना मेलेला त्यांचा कोणी खापरपणजा त्यात कोरलेला. दर अवसेला आप्पा त्याला शेंदूर लावी. पुढं धाकटा भाऊ नामा म्हणाला, बांध माझा, वीरही माझा. आप्पानं पहार उचलली. पहिल्या घावात नामाचा उजवा हात मोडला, दुसरा चुकून वीरावर बसला. तीन तुकडे झाले. नामानं ते विहिरीत लोटले. हात वाकडाच जुळला, बोलणं तुटलं. आप्पाच्या खिशातली शेंदराची पुडी मात्र हलली नाही. टाकून दे म्हटलं, तर माझ्यावरच धावून यायचा.

काशीहून परतताना वाट वाकडी करून आम्ही दिल्लीला उतरलो. तिथल्या सरकारी संग्रहालयात देशभरातल्या मूर्ती मांडलेल्या. एकाला हात नाही, एकीला मुंडकं नाही. मी म्हणालो, "हितं बी भाऊबंदकीच झालेली दिसती." आप्पा हसला नाही. तो एका दगडापुढं थांबला होता. खाली लढाई आणि गुरं, वर महादेवाची पिंड. वीरच. दुसऱ्या कुठल्या गावचा, पण अखंड.

आप्पानं पुडी सोडली आणि त्याला शेंदूर फासला. पहारेकरी धावले. आप्पानं दगडाला मिठी मारली. त्यांनी मानगूट धरून ओढलं, तसं त्याचं तोंड चौथऱ्यावर आपटलं, रक्त आलं. मी एकाला ढकललं. त्यानं मला भिंतीवर आदळलं. जन्मात पहिल्यांदा आप्पानं हात उचलला नाही. दगडालाच म्हणत होता, "चुकलं. भावाचा हात मोडला मी."

माफीनाम्यावर अंगठा देऊन सुटलो.

राहूजवळच्या केडगाव स्टेशनात गाडीतून उतरला तो घरून पहार घेऊन थेट नामाच्या दारात. पहार पुढं टाकली, उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. "मोड," म्हणाला.

नामानं डाव्या हातानं पहार उचलली. घाव बोटभर बाजूला बसला, उंबऱ्याची ढलपी उडाली.

"ऊठ आता, दादा. इहिरीत उतराय माणसं बघ."

आप्पा गेल्या साली गेला. बांधावर ते तीन तुकडे एकावर एक उभे आहेत. अवसेला नामा शेंदूर लावतो. पुडी त्याला एका हातानं सुटत नाही. ती मी सोडून देतो.