गाळावरचं शून्य

पंपघरात त्यांना सगळे पायरीमास्तर म्हणत, तेही तोंडावर. पावसाळी नाल्यांचं पाणी पंपघराखालच्या टाकीत उतरे आणि तिथून पंप ते नदीत फेकत. टाकीत किती पाणी आहे ते वरच्या खोलीतल्या पडद्यावर दिसे. तरी हा गृहस्थ तासातासाला जिन्याच्या तोंडाशी जाऊन किती पायऱ्या कोरड्या उरल्यात ते मोजून यायचा. एकतीस वर्षं हाच नेम. बायको म्हणायची, आपल्या घराला जिना नाही तेच बरं, नाहीतर हे जेवता जेवता उठले असते.

मोजायला शिकवलं होतं त्यांच्या पहिल्या वस्तादाने. नऊ पायऱ्या कोरड्या उरल्या की भोंगा द्यायचा, म्हणजे टाकी तुंबून पाणी उलटं चढायच्या आत खालची गल्ली सावध होते; मागचापुढचा विचार करायचा नाही. आता भोंगा वरच्या खोलीतल्या अधिकारी मॅडमच्या हातात होता आणि पडद्यावर तीन मीटर आल्याशिवाय तो वाजवायचा नाही, असा नियम होता. मागे एकदा तो उगाच वाजला, तेव्हापासून खालच्या गल्लीतले लोक त्याला रिकामा डबा म्हणत.

त्याच गल्लीत, तळमजल्याच्या खोलीत, मास्तरांची ताई राहायची. दाजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले.

त्या दुपारी इकडे लख्ख ऊन होतं. शहराच्या चढावरच्या भागात मात्र पहाटेपासून पाऊस कोसळत होता. नदी फुगलेली, ती उलटी आत शिरू नये म्हणून नदीकडचा दरवाजा बंद, आणि तिन्ही पंप चालू. पडदा दोन मीटर वीस सांगत होता. मास्तर जिन्याशी गेले. कोरड्या पायऱ्या आठ.

त्यांनी पुन्हा मोजल्या. आठच.

मग त्यांना आठवलं. गेल्या वर्षी टाकीच्या भिंतीवरची मोजपट्टी नव्याने रंगवली, तेव्हा तळाचा गाळ उपसलाच नव्हता. रंगारी गाळावर उभा राहिला आणि पायापाशीच त्याने शून्य काढलं. टेपचं खालचं टोक धरायला माणूस हवा होता; मास्तरांनी धरलं होतं. चहा व्हायचा होता, घाई होती. पुढे पडद्याचं यंत्र त्याच पट्टीवरून लावलं.

ते वर गेले. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, अजून ऐंशी सेंटिमीटर आहेत, मास्तर, तुमच्या पायऱ्या आज घाईत दिसतात.

"आकडा खोटा आहे, मॅडम. शून्य गाळावर काढलंय. टेपचं टोक मीच धरलं होतं."

मॅडमचं हसू विरलं. "गाळ किती होता?"

"माझ्या कमरेपर्यंत. नव्वद तरी धरा."

मॅडमनी मनात बेरीज केली, तीन मीटर दहा, आणि त्यांचा चेहरा उतरला. लेखी मागते नंतर, एवढंच म्हणाल्या आणि कळ दाबली.

भोंगा सुरू झाला. मास्तर खिडकीशी गेले. गल्लीत लोक दारात आले, निरभ्र आभाळाकडे बघून हसले आणि आत गेले. ताईच्या दोरीवर चादरी वाळत होत्या. त्यांनी फोन लावला.

"तुझाच डबा वाजतोय ना रे? इथे कपडे कडकडीत वाळलेत."

"ताई, दाजींना वरच्या मजल्यावर ने. शेजाऱ्यांना हाक मार. आत्ता."

"एकतीस वर्षं पाणी पाणी करतोयस. कधी आलंय?"

"या वेळी चूक माझीच आहे, ताई. म्हणून सांगतोय."

पलीकडे तिची पावलं आत गेलेली ऐकू आली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"अरे, न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड ऐकू येतंय."

"मग फोन ठेव."

फोन बंद झाला. खिडकीतून त्यांना तिचं दार दिसत होतं. ते उघडलं, ती शेजारच्या दाराकडे धावली. दोघेजण तिच्यामागून तिच्या खोलीत शिरले. दाजी अजून आतच होते. मास्तरांची नजर दारावरून हलेना. आणि मागे जिन्यात, न मोजताही त्यांना ठाऊक होतं, आता सात उरल्या असतील.