फालतू ठरवलेलं बटन

हिंगोलीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझ्या अंगात भलती हुशारी भरली होती. प्रोजेक्ट म्हणून घरच्या विहिरीच्या मोटारीसाठी आपोआप चालणारं सर्किट केलं. लाईट आहे, पाणी आहे आणि पेटीवरचं बटन चालू आहे, तिन्ही असतील तरच मोटार सुरू. सर म्हणाले, "जादा असेल ते काढ. सर्किटात अटी तपासणारे गेट जितके कमी तितकं बरं."

मोटार कधी चालेल, कधी नाही, याचा मी तक्ता मांडला. आमच्याकडे लाईट असताना कुणी विहिरीत उतरत नाही. लाईट गेली की बाबा बटन बंद करतात, उतरून मोटारीची जाळी साफ करतात आणि लाईटच्या टाइमाआधी वर येऊन बटन चालू करतात. म्हणजे 'लाईट आहे पण बटन बंद' असं कधी घडतच नाही! जे घडत नाही, तक्त्यातल्या त्या घरात फुली मारायची आणि तिथं 'मोटार चालू' की 'बंद' हे सोयीनं धरायचं, असं शिकवलेलं होतं. फुल्या मारल्या आणि बटनच सर्किटातून उडवलं. सर खूश. सर्किट घरी मोटारीच्या पेटीत बसवलं. पेटीवर बटन तसंच ठेवलं, आत त्याला तार नाही. बाबांना सांगायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

आठवड्यानं बांधावर बसून प्रोजेक्टची वही लिहीत होते. साडेदहाला लाईट गेली. बाबा बटन बंद करून विहिरीत उतरले. लाईट यायचा टाइम बाराचा. वहीत फुल्यांचं कारण लिहायचं होतं. 'असं कधी घडत नाही' एवढं लिहिलं आणि हात थांबला. आधीच आली तर? लाईट काय माझ्या बापाला विचारून येते?

"बाबा, वर या!"

"येऊन राहिलो ना. जाळी तेवढी बसवू दे."

"राहू द्या जाळी! आधी वर या!"

"काहून बोंबलून राहिली? बटन बंद केलं न्हाई का म्या!"

त्या बटनाच्या भरवशावर ते छातीभर पाण्यात, मोटारीला हात लावून उभे होते. मी पेटीकडे पळाले आणि फ्यूज ओढायला लागले. एक निघाला, दुसरा निघाला, तिसरा गंजलेला. मेले, वहीत तर मोठी शहाणी होतीस! दोन्ही हातांनी तिसरा उपटला. थोड्याच वेळात शेजारच्या शेतातली मोटार सुरू झाली.

बाबा वर आले. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते नुसतं ओल्या बोटानं बटन वर-खाली करत राहिले.

"परवा बी उतरलो होतो," ते म्हणाले. "तुजी माय बी होती संगं."